अंधारात हाडं दाखवणारं नाणं: कॅनडाच्या पॅकिरायनोसॉरसचं प्रकरण

२०१२ सालचा एप्रिल आणि मे. कॅनडाच्या शाही टांकसाळीत तेव्हा दोन अगदी उलट गोष्टी चालू होत्या. ४ मे रोजी विनिपेगच्या कारखान्यात देशाचं शेवटचं एक सेंटचं नाणं पाडलं गेलं. एक सेंट पाडायला १.६ सेंट खर्च येत होता, म्हणून मार्चच्या अर्थसंकल्पातच सरकारने ते बंद करायचं ठरवलं होतं. त्याआधी काही आठवडे, एप्रिलमध्ये, याच टांकसाळीने २५ सेंटचं एक नाणं विक्रीला काढलं आणि त्याची किंमत ठेवली २९.९५ डॉलर. त्यावर पॅकिरायनोसॉरस लाकुस्टाय नावाचा शिंगाळ्या कुळातला डायनासोर होता. उजेडात पाहिलं तर रंगीत, जिताजागता प्राणी दिसायचा आणि दिवा मालवला की त्याच जागी त्याचा सांगाडा चमकायचा.

पुराजीवांची संग्राह्य नाणी आज ढिगाने निघतात. प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटराष्ट्रांच्या नावाने चांदीच्या चकत्या पाडल्या जातात आणि त्यांवर टायरॅनोसॉरस जबडा वासून उभा असतो, त्या बेटावर डायनासोरचं एक हाडही सापडणं शक्य नसलं तरी. अशा नाण्यांना मी कधी हात लावत नाही. कॅनडाचं हे नाणं मात्र मला अभ्यासण्याजोगं वाटतं, कारण त्यामागे एक ओढा आहे, एक शाळामास्तर आहेत, चौतीस वर्षांचं संशोधन आहे आणि त्या संशोधनाशी प्रामाणिक राहिलेला एक चित्रकार आहे. दर्शनी किमतीच्या जवळपास १२० पट पैसे मागणाऱ्या वस्तूत नक्की काय विकलं जातं, हेही या एकाच नाण्यात नीट पाहायला मिळतं.

पाइपस्टोन क्रीक

अल्बर्टा प्रांताच्या वायव्येला ग्रँड प्रेरी हे शहर आहे. तिथे विज्ञान शिकवणारे ॲल लाकुस्टा १९७४ मध्ये पाइपस्टोन क्रीक या ओढ्याच्या काठाने फिरत होते. त्यांना हाडांचे अश्मीभूत तुकडे दिसले. हे तुकडे वाहत आलेले नव्हते, काठावरच्या उतारातूनच ते बाहेर पडत होते. म्हणजे मूळ थर तिथेच, जवळपास होता. तो थर किती मोठा आहे हे कळायला बरीच वर्षं गेली. अल्बर्टातल्याच ड्रमहेलरला रॉयल टिरेल हे पुराजीवांचं संग्रहालय १९८५ मध्ये उघडलं आणि १९८६ ते १९८९ या काळात त्यांच्या लोकांनी इथे रीतसर खोदकाम केलं.

जे निघालं ते पाहून या क्षेत्रातले लोक आजही हरखतात. काही ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये शंभरापर्यंत हाडं होती. एका साध्या सतरंजीएवढ्या जागेत शंभर हाडं म्हणजे ती एकमेकांवर रचल्यासारखी पडलेली, आणि एक काढायचं तर खालची तीन सांभाळायची. त्या थरातून सुमारे साडेतीन हजार हाडं आणि १४ कवट्या बाहेर आल्या. लहान पिल्लांपासून पूर्ण वाढलेल्या प्राण्यांपर्यंत सगळ्या वयाचे जीव तिथे होते. सुमारे ७.३ कोटी वर्षांपूर्वी एक अख्खा कळप बहुधा पुरात सापडला असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो.

पिल्लं आणि मोठे एकत्र सापडले याचा शास्त्राला झालेला फायदा फार मोठा आहे. एकच कवटी हाती असते तेव्हा तिच्यावरचा उंचवटा जातीचं लक्षण आहे की वयाचं, हे सांगता येत नाही. इथे एकाच जातीच्या वेगवेगळ्या वयाच्या कवट्या शेजारी मांडून पाहता आल्या. पॅकिरायनोसॉरस ही प्रजाती तशी जुनी. चार्ल्स स्टर्नबर्ग यांनी १९५० मध्येच तिची पहिली जात नोंदवली होती. याच शिंगाळ्या कुळातल्या ट्रायसेराटॉप्सच्या नाकावर शिंग असतं, याच्या नाकावर त्या जागी जाड, खडबडीत हाडाची उशी असते. पाइपस्टोन क्रीकच्या प्राण्याला याशिवाय मानेमागच्या झालरीच्या मधोमध वर आलेलं शिंग होतं. ही जात वेगळी आहे असं फिलिप करी, वॉन लँगस्टन आणि डॅरेन टँके यांनी २००८ मध्ये मांडलं आणि तिला लाकुस्टांचं नाव दिलं.

१९७४ ते २००८. शिक्षकाला हाडं दिसली तेव्हापासून त्यांचं नाव शास्त्रात रुजू होईपर्यंत चौतीस वर्षं गेली, आणि पुढे चारच वर्षांत ते नाणं निघालं. पुराजीवशास्त्रातली कितीतरी नावं राजांची, देणगीदारांची किंवा प्राध्यापकांची असतात. शाळेत शिकवणाऱ्या माणसाचं नाव एका जातीला मिळावं आणि त्या जातीला देशाच्या नाण्यावर जागा मिळावी, हे मला फार मोलाचं वाटतं. २०१५ मध्ये त्याच परिसरात, वेंबली गावी, फिलिप करींच्या नावाचं डायनासोर संग्रहालय उघडलं. आता पाइपस्टोन क्रीकची हाडं आणि त्यांची गोष्ट तिथे, सापडल्या जागेपासून जवळच पाहता येते.

नाणं हातात घेतल्यावर

नाणं क्युप्रोनिकेलचं आहे, म्हणजे तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचं. चांदी नाही, सोनं नाही. कॅनडाचं रोजच्या वापरातलं २५ सेंटचं नाणं २३.८८ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि त्यावर १९३७ पासून कॅरिबू हरणाचं डोकं आहे. हे नाणं ३५ मिलिमीटरचं, म्हणजे तळहाताच्या मध्यभागी ठेवलं तर नीट जाणवेल एवढं. एका बाजूला सुझॅना ब्लंट यांनी केलेलं राणी एलिझाबेथचं चित्र, दुसऱ्या बाजूला प्राणी. चमक फक्त प्राण्याच्या बाजूला आहे.

प्राण्याचं चित्र ज्युलियस चोटोनी यांचं. ते कॅनडातले नावाजलेले पुराजीव-चित्रकार आहेत आणि त्यांची डॉक्टरेट सूक्ष्मजीवशास्त्रातली आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा नाण्यात चित्रकार कोण आहे यावर निम्मं काम ठरतं. हाडावरून स्नायू आणि स्नायूवरून कातडी उभी करताना कुठे पुरावा संपतो आणि कुठे कल्पना सुरू होते, हे ज्याला कळतं त्याने काढलेला प्राणी वेगळा दिसतो. कातडीचा रंग हा या कामातला सगळ्यात कल्पनेचा भाग. सांगाडा मात्र कवट्या आणि हाडं मोजून काढता येतो, आणि या नाण्यात अंधारात दिसतो तो नेमका हा पुराव्याचा भाग.

एका संग्राहक मित्राकडे मी हे नाणं निवांत पाहिलं. त्याने ते कॅप्सूलसकट, म्हणजे नाण्याच्या पारदर्शक डबीसकट, ट्यूबलाइटखाली मिनिटभर धरलं, मग खिडकीचा पडदा ओढून दिवा बंद केला. डोळे अंधाराला सरावेपर्यंत काहीच दिसलं नाही. मग फिकट उजेडाची एक रेषा दिसू लागली, ती पाठीच्या कण्याची. त्यामागून बरगड्या, पाय आणि शेवटी झालरीची कड. उजेडात जिथे कातडीचा फुगीर आकार होता तिथेच आतल्या आत ही हाडं बसलेली होती, एक रेघही इकडेतिकडे नाही. खोदणाऱ्याला आधी हाडं मिळतात आणि प्राणी सगळ्यात शेवटी, कागदावर. हे नाणं त्याच वाटेने उलट नेतं. मित्राची शाळकरी मुलगी शेजारी उभी होती. तिने विचारलं, ‘‘काका, नाकावर शिंग नाही का याला?’’ कवटीचं सगळ्यात महत्त्वाचं लक्षण तिने एका नजरेत टिपलं होतं.

चमक येते ती प्रकाश साठवणाऱ्या रंगद्रव्यामुळे. अंधारात चमकणाऱ्या आजच्या वस्तूंत सर्वसाधारणपणे स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटसारखं संयुग असतं आणि त्यात युरोपियम, डिस्प्रोसियम ही मूलद्रव्यं अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेली असतात. उजेडातली ऊर्जा काही काळ त्या स्फटिकात अडकून राहते आणि हळूहळू प्रकाश होऊन बाहेर पडते. आपल्याकडे गाड्यांवरच्या चमकत्या पट्ट्यांपासून भिंतीवरच्या चांदण्यांपर्यंत सगळ्यालाच सर्रास रेडियम म्हणतात, त्यामुळे नाण्यांच्या प्रदर्शनात ‘हे घरात ठेवायला चालतं का’ असा प्रश्न हमखास येतो. चालतं. ही चमक रेडियमची नाही आणि तिच्यात किरणोत्साराचा काही संबंध नाही. जुन्या घड्याळांच्या काट्यांवरचा रंग ही वेगळी गोष्ट होती.

ही युक्ती संग्राह्य नाण्यापुरती राहिली नाही. २०१७ मध्ये देशाला १५० वर्षं झाली तेव्हा कॅनडाने उत्तरध्रुवीय प्रकाशाचं चित्र असलेलं दोन डॉलरचं नाणं काढलं. अंधारात चमकणारं, रोजच्या व्यवहारात फिरणारं ते जगातलं पहिलं नाणं. २००४ मध्ये लाल खसखशीच्या फुलाचं २५ सेंटचं नाणं काढून रंगीत चलनी नाण्यातही हीच टांकसाळ पहिली ठरली होती. आधी संग्राहकांसाठी थोडी नाणी करून तंत्र पक्कं करायचं आणि मग ते लोकांच्या खिशात उतरवायचं, असा हा क्रम मला दिसतो.

२५ सेंट आणि २९.९५ डॉलर

आता पैशाचं बोलू, कारण नवे संग्राहक इथेच फसतात.

या नाण्यांची कमाल संख्या होती २५,०००. सगळी विकली गेली असं धरलं तर गिऱ्हाइकांनी ७,४८,७५० डॉलर मोजले. त्या सगळ्या नाण्यांचं दर्शनी मूल्य मिळून होतं ६,२५० डॉलर. मधला फरक सगळा नफा नाही. त्यात रंगकाम, चित्रकाराचं मानधन, खोकं, प्रमाणपत्र, टपाल असं बरंच येतं. पण धातूच्या भावाने पाहिलं तर हातात पडतं ते तांबं-निकेलच. चांदीच्या नाण्याला निदान धातूच्या भावाचा आधार असतो, तो इथे नाही.

‘पण ते कायदेशीर चलन आहे ना’ हे वाक्य विक्रेते फार जोरात म्हणतात. आहे, त्यात खोटं काही नाही. पण कॅनडाच्या चलन कायद्याप्रमाणे २५ सेंटची नाणी एका देण्यात दहा डॉलरपर्यंतच कायदेशीर चलन धरली जातात. म्हणजे अशी ४० नाणी. ही ४० नाणी विकत घ्यायला १,१९८ डॉलर लागले असते, आणि दुकानात त्यांची किंमत दहा डॉलर. कायदेशीर चलन या शब्दाने नाण्याला मान मिळतो, किंमत मिळत नाही. आपल्याकडेही भारत सरकारच्या टांकसाळी ७५, १००, १२५ रुपयांची स्मारक नाणी काढतात, ती दर्शनी किमतीहून बऱ्याच जास्त दराने नोंदणी करून घ्यावी लागतात आणि ती घेऊन कुणी भाजी आणायला जात नाही. नियम सगळीकडे सारखाच आहे.

मग २९.९५ डॉलर गैर होते का? माझ्या मते नव्हते. चांगल्या छापील चित्राला, चांगल्या पुस्तकाला आपण पैसे देतो, तसेच हे. घेणाऱ्याने मनाशी एवढंच स्पष्ट ठेवावं की आपण कारागिरी आणि एका शोधाची नोंद विकत घेतोय. पुढे भाव वाढेल या आशेवर दहा-दहा नग साठवणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. मर्यादित संख्या हा आकडा तेव्हाच कामाला येतो जेव्हा मागणारे त्याहून जास्त असतात, आणि तसे ते कायम राहतील याची हमी कोणतीही टांकसाळ देत नाही.

मालिका पुढे गेली, शास्त्रही पुढे गेलं

पॅकिरायनोसॉरसनंतर याच धाटणीची आणखी तीन नाणी आली. २०१३ मध्ये क्वेट्झलकोट्लस आणि टायलोसॉरस पेंबिनेन्सिस, २०१४ मध्ये टिक्टालिक. लोक सरसकट यांना डायनासोरची नाणी म्हणतात, पण चारांतला डायनासोर एकच, पहिला. क्वेट्झलकोट्लस हा उडणारा सरीसृप, टायलोसॉरस समुद्रातला, आणि टिक्टालिक तर मासा, जमिनीकडे निघालेला. डायनासोर जन्माला यायच्या कितीतरी आधीचा, सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचे जीवाश्म २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावूत प्रदेशातल्या एल्समिअर बेटावर मिळाले आणि २००६ मध्ये तो जगापुढे आला. माशाच्या कल्ल्याशेजारच्या पंखात मनगटासारखी हाडं दिसणं ही साधी बाब नव्हे. चारांत सगळ्यात मोठा शोध कोणता असं विचारलं तर मी टिक्टालिककडे बोट दाखवीन.

क्वेट्झलकोट्लसचं प्रकरण मात्र थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. हा प्राणी मुळात टेक्सासचा. अल्बर्टातही अशा प्रचंड उडणाऱ्या सरीसृपाची हाडं मिळाली होती आणि ती याचीच मानली जात. नाणं निघालं २०१३ मध्ये. २०१९ मध्ये हाडं पुन्हा बारकाईने तपासली गेली तेव्हा अल्बर्टातला प्राणी वेगळाच असल्याचं दिसलं आणि त्याला क्रायोड्रॅकन बोरियास असं नवं नाव मिळालं. म्हणजे ज्या हाडांच्या आधाराने कॅनडा या प्राण्याला आपला म्हणत होता, ती हाडंच दुसऱ्याची निघाली. कागदावरचं नाव बदलता येतं, धातूवरचं नाही. यात मला नाण्याचा कमीपणा वाटत नाही. उलट २०१३ साली शास्त्राला काय ठाऊक होतं याची ती तारखेसकट नोंद झाली. पण शिकवताना हे नाणं दाखवलं तर ही पुढची गोष्टही सांगायला हवी.

लाकुस्टायला हा धोका कमी आहे. साडेतीन हजार हाडं आणि १४ कवट्या एकाच जागच्या आहेत, नाव त्यांच्यावरच बेतलेलं आहे. कुठलं पुराजीव-नाणं घ्यावं असं मला कुणी विचारलं तर मी आधी हेच पाहायला सांगतो: नाण्यावरचा प्राणी त्या देशात खरोखर मिळाला का, आणि तुकड्यावर मिळाला की थरभर.

घेताना आणि ठेवताना

भारतात ही नाणी परदेशी नाण्यांच्या व्यापाऱ्यांकडे किंवा तिकडून येणाऱ्या नातेवाइकांकडूनच मिळतात. मूळ वेष्टन आणि प्रमाणपत्र नसेल तर मी घेणार नाही. सुटं नाणं कुणी कसं हाताळलंय ते कळत नाही, आणि रंगीत थरावरचा ओरखडा दुरुस्त होत नाही. विकणाऱ्याला दिवा बंद करून दाखवायला सांगा. सांगाडा पूर्ण दिसला पाहिजे, मध्ये काळे ठिपके नकोत.

नाणं कॅप्सूलमधून काढायचं कारण नाही, चमक कॅप्सूलमधूनही भरते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तर ठेवूच नका. त्यातलं रसायन कालांतराने सुटतं आणि तांबं असलेल्या नाण्यावर हिरवट, चिकट थर धरतो. साध्या नाण्यावरचा तो थर ॲसिटोनने काढतात, पण इथे ॲसिटोनबरोबर छपाईही निघू शकते. चिंच-मीठ, राख, भांडी घासायची पावडर यांचं नाव कोणत्याच नाण्याजवळ काढू नये, रंगीत नाण्याजवळ तर मुळीच नाही. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत हवा दमट असते, तेव्हा डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि ती वेळोवेळी बदला.

प्राणहितेकाठचा प्राणी

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यासमोर गडचिरोलीतला सिरोंचा तालुका आहे. तिथे प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे, आणि त्या गावाच्या नावाने भूशास्त्रात कोटा खडकसमूह ओळखला जातो. याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा खडकांतून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी बारापासॉरसची हाडं काढली. ज्युरासिक काळातला, लांब मानेचा, चार पायांवर चालणारा महाकाय शाकाहारी. १९७५ मध्ये त्याला बारापासॉरस टागोरी असं नाव मिळालं, रवींद्रनाथांच्या स्मरणार्थ. त्याचा उभारलेला सांगाडा कोलकात्यात त्या संस्थेत आहे. गडचिरोलीच्या किती मुलांनी त्याचं नाव ऐकलं असेल?

आपल्याला ही वाट नवीन नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९५१ मध्ये, टपाल खात्याने दोन आण्यांचं तिकीट काढलं आणि त्यावर स्टेगोडॉन गणेशा हा शिवालिक टेकड्यांतला नामशेष हत्ती होता. पुराजीवांच्या तिकिटांच्या इतिहासात ते अगदी सुरुवातीचं तिकीट आहे, आणि जगभरचे संग्राहक ते आजही शोधत असतात. तिकिटावर आपण तेव्हाच पोचलो होतो. नाण्यावर बारापासॉरस यावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो मुंबईच्या टांकसाळीत पाडला जावा.

त्यात एक अडचण आहे आणि ती खरी आहे. बारापासॉरसचे दात मिळाले, पण त्याची पूर्ण कवटी मिळालेली नाही. त्यामुळे कॅनडाच्या नाण्यासारखा तोंडासकट प्राणी काढायचा तर डोकं अंदाजाने काढावं लागेल, आणि नाण्यावर अंदाज पाडू नये असं माझं मत आहे. त्याऐवजी मांडीचं हाड घ्यावं. खोदकामाच्या सुरुवातीच्या काळात मिळालेलं ते हाड माणसाच्या उंचीएवढं होतं. नाण्याच्या मधोमध उभं हाड, शेजारी प्रमाण कळावं म्हणून तेवढ्याच उंचीचा माणूस, खाली प्राण्याचं नाव देवनागरीत आणि कडेला ‘कोटा, सिरोंचा’.